गुणी बाळाचा सव्वा महिना

माझी मुलगी जन्मली तेव्हा रडली, पण अगदी थोडं. लोकांना ते फार आवडलं.

आल्यागेल्या प्रत्येक बाईनं तिला प्रशस्तिपत्रक दिलं. "काय गुनी पोर हाय गो!" "आयशीला जरा म्हणून तरास नाय." "नाय तर आमचा बघ, अख्खा दवाखाना डोक्यावर घेतलाता." मी उशीला टेकून बसायचे आणि हे कौतुक माझ्याच कर्तृत्वाचं असल्यासारखं झेलायचे. दुसऱ्या दिवशी मी तिचा फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'आमची शांत परी'. त्यावर पुष्कळ बदाम आले. फोटोत तिची जीभ ओठांबाहेर आलेली आहे. एका ओळखीच्या बाईनं लिहिलं होतं, 'आत्तापासून चिडवते वाटतं सगळ्यांना!' आणि मी तिला हसणारा चेहरा पाठवला होता. तो फोटो आता उघडला की त्या बाईची किळस येते आणि तिच्याहून जास्त माझी.

तन्वी आता अडीच वर्षांची आहे. तिच्या गळ्यात थायरॉईडची ग्रंथी तयारच झाली नाही. ती नसली की बाळाची वाढ अडते आणि मेंदूला जे मिळायला हवं ते मिळत नाही. यावर औषध आहे. साधी गोळी, रोज एक. फक्त ती जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावी लागते. आमची सुरू झाली एकोणचाळिसाव्या दिवशी. मधल्या दिवसांत आम्ही काय करत होतो, ते लिहायला बसले आहे. कुणा बाईच्या उपयोगी पडलं तर बरंच. नाही तर निदान शांत बाळांचं कौतुक करत फिरणाऱ्यांच्या हातात द्यायला माझ्याकडे एक कागद होईल.

मी आणि फॉर्म

आधी माझी अक्कल सांगते.

मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहते. पूल ओलांडून रोज रोह्याच्या बाजारात जाते आणि एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. जातीचे दाखले, रेशनकार्डं, मुलांच्या शिष्यवृत्त्या. समोर आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते तो मोबाईल नंबरचा, आणि त्यावरूनच त्याला झाडते. "नंबर कुणाचा दिलाय काका? मुलाचा? मुलगा असतो कुठं? पनवेलला? मग ओटीपी काय तुम्हाला स्वप्नात येणार?" काका ओशाळे होतात. मागे उभे असलेले हसतात. मला बरं वाटायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी आईकडे गेले होते. माहेर म्हणजे पेणच्या पुढे, धरमतरच्या खाडीकाठचं गाव. आईनं उभं आयुष्य मिठागरात काढलं. तिच्या पायाच्या भेगांना ते मीठ आजही झोंबतं. बाळंतपण पेणच्या एका खाजगी प्रसूतिगृहात झालं. तिसऱ्या दिवशी नर्स कागद घेऊन आली. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे, तो कागद मुंबईच्या लॅबला जातो, काही आजार जन्मतःच असतात ते कळतात, असं तिनं सांगितलं. मला आठवतं, तिनं अगदी नीट सांगितलं.

आई आडवी आली. "तीन दिवसांच्या पोरीचा रगत काढतात का कोन?"

"आय, तू गप बस. तुला त्यातलं कळत नाय," मी म्हणाले.

मी फॉर्म घेतला आणि स्वतःच्या हातानं भरला. पालकांचा मोबाईल नंबर या रकान्यात नवऱ्याचा नंबर लिहिला. घरातला कर्ता पुरुष ना! शिवाय घरी गेल्यावर आई माझा फोन काढून घेणार, हे ठरलेलंच होतं. बाळंतिणीनं फोन बघितला की डोळे जातात, असं आमच्याकडच्या नेत्रतज्ज्ञ बायकांचं मत आहे. दुसऱ्या नंबराच्या जागी नर्सनं विचारून आईचा नंबर टाकला.

माझा नवरा, प्रशांत, धाटावला केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. कंपनीत मोबाईल आत नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. हे मला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शिफ्टमध्ये त्याला फोन लागत नाही म्हणून मीच किती वेळा भांडले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

खोली

पाचव्या दिवशी संध्याकाळी सटवीची पूजा होती, म्हणून चौथ्याच दिवशी आम्ही डिस्चार्ज मागून घेतला. निघताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, "रिपोर्टमध्ये काही असलं तर फोन येईल." फोन नाही आला तर सगळं चांगलं, असा त्याचा अर्थ मी लावला. कुणीही तोच लावेल. त्या काउंटरवर इतकी सोयीची वाक्यं मिळतात की बाहेर पडताना माणूस निर्धास्त होतो.

मग सव्वा महिना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सव्वा महिना होईपर्यंत बाळंतीण आणि बाळ घराचा उंबरठा ओलांडत नाहीत. एक खोली, खिडकी बंद, खाटेखाली शेगडी, डोक्याला घट्ट रुमाल, कानात कापूस. सकाळी तेल, गरम पाणी, धुरी. दिवसभर बायकांची वर्दळ. बाळाला बाहेरची हवा लागू नये म्हणून आतली हवा सगळ्यांनी मिळून संपवायची.

तन्वीची जीभ बाहेर यायची. सगळे म्हणाले, भूक लागली असेल. ती प्यायला लागली की चार घोटांत झोपायची. म्हणाले, पोट लहान आहे. बेंबी फुगून वर आली, तर तिच्यावर नाणं ठेवून फडकं बांधलं. पिवळी होती ती तीन आठवडे झाले तरी पिवळीच, तर दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्टीत तिला धरायचं. पाय गार पडायचे, म्हणून शेगडीत आणखी निखारे. शी चार-चार दिवस व्हायची नाही, त्यावर घुटी. आवाज घोगरा होता. माझी एक चुलतमावशी म्हणाली, "आज्यावर गेली गो. आज्याचा आवाज असाच व्हता, बंदरावरनं हाक मारली का गावात आयकू यायची."

प्रत्येक लक्षणाला आमच्याकडे एक बाई होती आणि प्रत्येक बाईकडे उत्तर होतं. एवढ्या सगळ्या हुशारीला एक थर्मामीटरसुद्धा लागत नव्हता.

आणि मी? एकदा, फक्त एकदा, मला शंका आली. दुपारची वेळ होती. मी तिला उठवत होते, तळव्यांना टिचक्या मारत होते आणि ती डोळे उघडत नव्हती. मी म्हणाले, "आय, ही इतकी कशी गो झोपते?"

आई भाकरी थापत होती. तिनं मागे वळून बघितलं नाही. "शांत पोराला नजर लावू नको," म्हणाली.

मी तिला परत गोधडीत गुंडाळलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. मलाही झोप मिळत होती.

"झालं की"

अडतीस दिवस झाले. आईनं चांगला वार बघून दुसऱ्या दिवशी मला न्हाऊ घातलं, विहिरीची पूजा करून घेतली. अंगणात उन्हात बसून मी केस वाळवत होते. तन्वी मांडीवर झोपली होती. इतक्या दिवसांनी उघड्यावर आल्यानं मी खूश होते. आई तुळशीपाशी तांब्या विसळत होती. सहज म्हणाली,

"आता जेवून घे न् पोरीला पेनला नेऊया. दवाखान्यातना बोलवलाय."

"कधी बोलावलं?"

"झालं की. बारशाच्या टायमाला फोन आलता."

बारसं बाराव्या दिवशी झालं होतं. मी मनात दिवस मोजले. मग पुन्हा मोजले.

"आय, त्याला महिना होत आला. काय म्हणाली ती?"

"पोरीचा रगत परत तपासायचा हाय, बोलली. मी बोलले, सव्वा महिना झाला का आनतो. ती बोलली, लवकर आना. मंग मी बोलले व्हय."

"आणि मला नाय सांगितलंस?"

"तुला सांगून तू रडत बसली असतीस. दूध आटला असता." आईनं तांब्या पालथा घातला. "आनि सव्वा महिन्याच्या आत तान्हा पोर घराभायर काढतात का कोन? रगत कमी पडला असंल, दुसरा काय?"

सत्तावीस दिवस त्या बाईनं माझ्यासमोर भाकऱ्या थापल्या, मला तेल लावलं, नातीला जोजवलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. तिनं ते प्रेमापोटी केलं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. म्हणूनच माझा राग जास्त झाला. वाईट माणसावर रागवायला सोपं असतं.

आम्ही जेवलो नाही. गावातल्या रिक्षानं पेणला गेलो.

बालरोगतज्ज्ञांनी तन्वीला टेबलावर घेतलं, फडकं सोडलं, बेंबीवरचं नाणं उचलून बाजूला ठेवलं. जीभ बघितली, टाळूवर बोट फिरवलं. लॅबचा रिपोर्ट त्यांच्यासमोर होता, प्रिंट काढलेला, कोपरा दुमडलेला. महिनाभर फाईलमध्ये पडून होता.

"तुम्हाला बोलावलं होतं ना?"

"मला आज कळलं," मी म्हणाले.

त्यांनी आईकडे पाहिलं. "आजी, तुम्ही कशाची वाट बघत होता?"

"सव्वा महिना व्हायची."

"कुणी सांगितलं तसं?"

आईला प्रश्नच कळला नाही. "सांगायला कशाला लागतंय?" ती म्हणाली.

डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला सगळं समजावून सांगितलं. मेंदू, वाढ, दिवस. गोळी आजच सुरू करायची, बाकीच्या तपासण्यांसाठी थांबायचं नाही. मी विचारलं, "उशीर झालाय का?" ते म्हणाले, "आणखी नको करूया." यातून काय समजायचं ते मी समजले.

बाहेर येऊन मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं की एकदाच फोन करून तुम्ही गप्प कशा बसलात. तिनं रजिस्टर फिरवून माझ्यापुढे केलं. तन्वीच्या नावापुढे 'फोन केला' असं लिहिलं होतं आणि बरोबरची खूण होती. त्यांचं काम पूर्ण झालं होतं. माझ्या मुलीचा मेंदू वाळत होता आणि रजिस्टरात ती पास होती.

ब्लॉक

प्रशांत संध्याकाळी शिफ्ट संपवून थेट पेणला आला. मी त्याच्याकडे फोन मागितला. त्यानं दिला. ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी उघडली, तर त्यात मुंबईच्या लॅबचा नंबर होता. रिपोर्टवर छापला होता तोच. तीन मिस्ड कॉल आले होते, तिन्ही त्याच्या शिफ्टच्या वेळेत. चौथ्या वेळी त्यानं उचलला, पलीकडून बाई "नमस्कार सर, मी मुंबईहून बोलते" एवढं म्हणाली, आणि यानं कापून ब्लॉक केला.

"लोनवाले वाटले गो," तो म्हणाला. "सारखे येतात. कंपनीत सगळ्यांना येतात."

मला त्याच्या तोंडावर फोन फेकावासा वाटला. फेकला नाही, कारण नंबर मीच लिहिला होता. सगळ्या साखळीत ज्याला ज्याला चूक करता येईल त्यानं ती मन लावून केली होती. लॅबनं फोन नाही लागला म्हणून दवाखान्याला कळवलं, दवाखान्यानं आईला कळवलं, आईनं सव्वा महिन्याला. कुणीही मुद्दाम वाईट वागलं नाही, ही यातली सर्वांत घाणेरडी गोष्ट आहे.

घर

ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच मी अष्टमीला परतले. माहेरी एक दिवसही राहवेना.

सासूबाईंनी तन्वीला घेतलं, रडल्या, आणि डोळे पुसता पुसता कामाला लागल्या. "आमच्यात असं कुणाला नाय. तुमच्याकडंच असंल कुणाला." मग शेजारणीला सांगताना, "तिच्या आयशीनं लपवलान. माझ्या हाती असती तर मी दुसऱ्या दिवशी नेली असती." हे ऐकून मला हसू आलं. या बाईनंच मला सातव्या महिन्यात सोनोग्राफीला जाऊ दिलं नव्हतं, ग्रहण होतं म्हणून. पण आता त्यांना जिंकायची संधी मिळाली होती आणि ती त्या सोडणार नव्हत्या. नातीच्या आजारपणातसुद्धा विहिणीवर कुरघोडी करता येते, हे मला नवीन होतं.

आईनं ते ऐकलं असावं. ती अष्टमीला यायची बंद झाली. मीही बोलावलं नाही.

गोळी सकाळी उपाशीपोटी द्यायची. चमच्यात चुरडायची, थोडं दूध पिळून त्यात कालवायची, आणि गालाच्या आत सोडायची. दुधाच्या भरल्या बाटलीत टाकायची नाही, नाही तर बाळ अर्ध्यात झोपतं आणि अर्धी गोळी बाटलीत राहते. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. शिवाय इतर औषधांसारखी ही बरं वाटलं की थांबवायची नसते. ती जन्मभराची आहे. जन्मभराची, हा शब्द ऐकला की भेटायला आलेल्या बायका "अरेरे" म्हणून चहा मागायच्या.

रोज सकाळी सात वाजता आईचा फोन यायचा.

"गोली दिली?"

"दिली."

मी ठेवून द्यायचे. ती कधी माफी मागत नव्हती आणि मी कधी दुसरा शब्द बोलत नव्हते. माझ्या तोंडून 'आय' हा शब्दसुद्धा निघत नसे. हे आठवडाभर नाही, दोन वर्षं चाललं.

टाच

दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं असे. रोह्याच्या लॅबमधल्या नसीमताई रक्त घ्यायच्या. त्या घाई करत नसत. आधी तन्वीची टाच दोन्ही तळहातांत धरून गरम करायच्या, तिच्याशी बोलायच्या. पहिल्या दोन वेळा तन्वीनं सुई टोचल्यावर नुसता ओठ वाकडा केला. नसीमताईंचं तोंड उतरलं. तिसऱ्या वेळी, गोळी सुरू होऊन महिना झाला असेल, तिनं असं काही भोकाड पसरलं की बाहेर बसलेला म्हातारा आत डोकावून गेला. नसीमताई हसायला लागल्या. "आली गो, आली लायनीवर! रडू दे तिला. पुसू नको डोळे." त्या खोलीत मी पहिल्यांदा मोकळेपणानं रडले. या सगळ्या प्रकरणात ज्यांच्याविषयी मला वाईट बोलता येत नाही, अशा त्या एकट्याच.

नाही, आणखी एक आहे.

गळ्याचा स्कॅन करायला आम्ही मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला गेलो, तेव्हा बाकावर शेजारी बारकी बसली होती. रोह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आदिवासी वाडी आहे, तिथली. कधी वीटभट्टीवर, कधी शेतावर कामाला जाणारी. तिचा मुलगा सव्वा वर्षाचा होता आणि बसत नव्हता. मान धरत होता, एवढंच. आजार तोच. वाडीवर येणाऱ्या आशाताईला शंका आली आणि तिनं हात धरून इथं आणलं होतं.

मी माझी कहाणी सांगितली. फॉर्म, फोन, सव्वा महिना. थोडी फुशारकीनंच सांगितली असणार, कारण एव्हाना मला ती रंगवून सांगायची सवय झाली होती.

बारकीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तुझ्या पोरीचा रगत तिसऱ्या दिवशी घेतला?"

"व्हय."

"आमच्यात कुनी घेतलाच नाय. जिथं बालंत झाली तिथं असा काय नव्हताच." ती मुलाच्या पायावरून हात फिरवत होती. "मला फोन आला असता तर मी चालत आले असते गो. सव्वा महिना कुठला आमाला? मी आठव्या दिवशी भट्टीवर गेलते, याला पाटीत निजवून."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी उलट बोलले असते. मला विचारलं गेलं, समजावून सांगितलं गेलं, दोन-दोन नंबरांवर हुडकलं गेलं, आणि आमच्या शिकल्यासवरल्या घरानं ते सगळं मातीत घातलं. तिला कुणी विचारलंच नाही. ती तपासणी तिच्या वाडीपर्यंत चढलीच नव्हती. लॅबच्या भिंतींवर हसऱ्या बाळांची पोस्टरं लावणाऱ्यांनी एकदा त्या बाकावर बारकीशेजारी बसावं आणि तिला सांगावं, की जागरूक माता म्हणजे सुदृढ बालक.

जे सांगता येतं ते

माझ्या दुकानात हल्ली पोटुशी बाई आली की मी फॉर्म बाजूला ठेवते. तिला विचारते, बाळंत कुठं होणार, टाचेचं रक्त घेतात का तिथं. नसतील घेत तर डॉक्टरला विचार, दुसरीकडं कुठं होतं ते. कानाचीही तपासणी असते, तीही विचार. नंबर स्वतःचा दे, आणि फोन काढून घेऊ देऊ नकोस. डोळे जात नाहीत, माझे अजून आहेत. आणि फोन आला नाही म्हणजे सगळं चांगलं, असं समजू नकोस. जा आणि कागद हातात माग. बायका हसतात. एकीची सासू म्हणाली, "कशाला घाबरवतेस गो? आमची पाच झाली, कुनाचा रगत नाय काढला." मी म्हणाले, "मग पाचही गुणीच असतील." तिला ते कौतुक वाटलं.

तन्वी उशिरा बसली, उशिरा चालली. आता पळते, चावते, वस्तू फेकते. बोलत मात्र नव्हती. बाबा, दूदू, नको. दोन शब्द जोडून काही नाही. मी डॉक्टरांना विचारलं, हे त्या सत्तावीस दिवसांमुळे का? ते म्हणाले, कदाचित, कदाचित नाही, काही मुलं उशिरा बोलतात. सासूबाई म्हणाल्या, प्रशांत पण तीन वर्षांचा होईतो बोलला नाही. कुणीही मला कधीच नक्की सांगू शकणार नाही. ती शाळेत एखादं गणित चुकली तरी मी ते सत्तावीस दिवस मोजणार आहे, आणि बरोबर आलं तरी मोजणार आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी सात वाजता फोन वाजला. माझे हात रोजच्यासारखे पिठाचे होते, म्हणून मी रोजच्यासारखा तो स्पीकरवर टाकला. तन्वी ओट्याखाली ताटल्या वाजवत बसली होती. गोळी नुकतीच दिली होती, तिचा पांढरा कण अजून ओठाला होता.

"गोली दिली?" आईचा आवाज आला.

मी तोंड उघडायच्या आत ओट्याखालून, घोगऱ्या आवाजात, बंदरावरून हाक मारल्यासारखं उत्तर गेलं.

"गोली दिली!"

दोन शब्द. जोडून. दोन वर्षं रोज सकाळी आमच्या घरात तेवढेच दोन शब्द बोलले जात होते, तेच तिनं उचलले होते.

पलीकडून आईचा नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे त्यांच्याकडचा कोंबडा. मी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. गप्प बसलेल्या माणसांचं मी फार कौतुक केलेलं आहे आयुष्यात. आता मला एकही गप्प माणूस सहन होत नाही.

"आय," मी म्हणाले, "बोल गो कायतरी. गप नको राहू."